बॅटरीवालं सोलर कारंजं: दिवाळीपासून पावसाळ्यापर्यंत वापरून, आणि एक कोई मासा गमावून

थंडीत मी याच कारंज्याला चार स्टार देऊन आलो होतो, ते आता काढून घेतोय. किती वॉटचं पॅनेल, किती नोझल, पाणी किती उडतं हे सगळं विकणाऱ्याच्या पेजवर आहे, परत टाइप करत बसत नाही. तरंगणारी चकती, मधे पंप, वेगळं पॅनेल, आत बॅटरी आणि अंधार पडला की आपोआप लागणारा रंगीत लाइट. या लाइटवर मी जरा जास्त बोलणार आहे, ज्यांना कंटाळा येईल त्यांनी सरळ शेवटाकडे जा.

आमच्या नाशिकच्या घरामागे दोनेक हजार लिटरचा सिमेंटचा हौद आहे, वडिलांनी धुण्याभांड्यासाठी बांधलेला. त्यात चार कोई, दोन गोल्डफिश आणि गप्प्यांची मोजदाद नाही. कोईंमधला थोरला म्हणजे तात्या, हातभर लांब, केशरी-पांढरा, खायला पहिला आणि बाकीच्यांना ढुशा मारून हाकलणारा. मे अखेरीला एका सकाळी हा आडवा तरंगत होता. आदल्या संध्याकाळी माझ्या हातातून खाऊन गेलेला मासा, आणि बाकी सगळे मजेत फिरतायत. कारंजंही मस्त उडत होतं, म्हणजे जणू काही झालंच नाही.

मग घरोघरी डिटेक्टिव्ह. शेजारच्या काकू म्हणाल्या दृष्ट लागली, इतका कौतुकानं दाखवायचास ना सगळ्यांना. बायकोचा संशय मांजरावर. आमच्याकडे काम करणाऱ्या मावशींनी विरोळ्याचं नाव घेतलं, म्हणजे तो पाण्यातला साप, तो मासे खातो हे खरंच आहे. पण मांजर किंवा विरोळा असता तर ओरखडा, चावा, निदान चार खवले निघालेले दिसले असते, इथे काहीच नाही. माझा स्वतःचा पहिला संशय डासांच्या धुरावर होता, कारण दोनच दिवस आधी गल्लीत धूर मारून गेले होते आणि त्यात जी पायरेथ्रॉइड औषधं असतात ती माशांना फार वाईट. पण ती माशांइतकीच, उलट जास्तच, पाण्यातल्या किड्यांना मारतात, आणि आमच्या हौदात कमळाच्या कुंडीवर चतुराची पिल्लं टुणटुणीत बसली होती, गप्पीही सगळे जिवंत. म्हणजे विष नाही. क्लोरीनचंही तेच, क्लोरीन गप्प्यांना सोडत नाही, शिवाय त्या आठवड्यात नळाचं पाणी सोडलंच नव्हतं.

तात्याला पुरायच्या आधी जुन्या पेपरवर ठेवून नीट बघितलं. डोळे स्वच्छ, गढूळ झालेले नाहीत, म्हणजे जाऊन फार वेळ झाला नव्हता. पोट फुगलेलं नाही, अंगावर फोड नाही, लाल रेघा नाहीत. कल्ल्याचं झाकण अंगठ्यानं उचललं तर आत कुठे पांढरा चट्टा किंवा चिकट थर नाही. पण तोंड आ वासलेलं होतं आणि दोन्ही बाजूंची झाकणं ताठ बाहेर आलेली, दाबून बसवली तरी परत उघडत होती. टेस्ट किटनं अमोनिया बघितला तर पिवळा रंग, म्हणजे शून्य. पीएचचा आकडा मात्र सकाळी ७.५ च्या आसपास आणि संध्याकाळी ९ ला टेकलेला. तेव्हा मला वाटलं किटच भंगार आहे.

कोडं सुटलं ते सिन्नरच्या मामांमुळे. त्यांच्या शेततळ्यात रोहू-कटला आहेत. फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "सगळ्यात मोठाच गेला ना रे? आणि रात्री ढग होते?" होते. आठवडाभर वळवाचं वातावरण, उकाडा, आभाळ भरलेलं. मामा म्हणाले, "मग हवा कमी पडली त्याला. पहाटे चारला उठून बघ, तुझे बाकीचे पण वर तोंड काढून असतील. आमच्यात ढगाळ असलं की खाद्य बंद करतो आणि पहाटे मोटर लावून पाणी वरून सोडतो."

विषय असा आहे की आमच्या हौदासारखं पाणी हिरवं असलं म्हणजे त्यात बारीक शेवाळ असतं. ते दिवसा उन्हात ऑक्सिजन बनवतं आणि कार्बन डायऑक्साइड खातं, म्हणून संध्याकाळी पीएच चढलेला, किट बिचारं बरोबर होतं. रात्री मात्र तेच शेवाळ उलट ऑक्सिजन घेतं, मासे घेतात, तळातला गाळ घेतो, आणि पहाटे उजाडायच्या आधी पातळी सगळ्यात खाली जाते. दिवसा ढग असले तर जमाच कमी, खर्च तेवढाच. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो, १५ अंशाला लिटरमागे साधारण १० मिलिग्रॅम, ३० अंशाला जेमतेम साडेसात, आणि गरम पाण्यात माशाला लागतो मात्र जास्त. मोठ्या माशाची गरज मोठी म्हणून तो आधी जातो, गप्पीचं तोंड वरच्या बाजूला असतं, तो पाण्याच्या अगदी वरच्या पापुद्र्यातला ऑक्सिजन घेऊन निभावतो. थंडीत मी चार स्टार का दिले तेही यातच आलं, नाशिकच्या जानेवारीत त्या पाण्याला कारंज्याची गरजच नव्हती.

तर उठलो पहाटे, टॉर्च घेऊन मागे गेलो. तिन्ही कोई कडेला पाण्याच्या वर तोंड काढून चुबुक चुबुक करतायत, गप्प्यांची तर वर चादरच पसरलेली. आणि कारंजं? बंद. चकती नुसती तरंगतेय. बादलीनं उंचावरून पाणी ओतत बसलो तेव्हा कुठे जरा खाली गेले. आठ वाजता ऊन आल्यावर कारंजंही सुरू, मासेही खाली, सगळं गुडी गुडी. म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, आपण सगळे आठला चहा घेऊन मागे जातो. नंतर ऑक्सिजन मोजायचं थेंबांचं किटही आणलं, पहाटे लिटरमागे २ मिलिग्रॅमच्या आसपास, दुपारी १० मिलिग्रॅमच्या वर. कोईला निदान ५-६ तरी हवा.

आता लाइटवर येतो. बॉक्सवर लिहिलंय "बॅटरी बॅकअप, रात्रीही चालते". चालते ना, साडेनऊ-दहापर्यंत. कारण अंधार पडला की लाल-हिरवा-निळा लाइट आपोआप लागतो, त्याला बंद करायचं बटण नाही, आणि तो त्याच बॅटरीवर चालतो ज्याच्यावर पंप चालतो. म्हणजे मी पंपासाठी जादा पैसे मोजून बॅटरीवालं मॉडेल घेतलं आणि ती बॅटरी माझ्या हौदात गणपतीचं डेकोरेशन करण्यात संपतेय. लग्नाच्या हॉलबाहेर ठीक आहे, माझ्या मागच्या अंगणात रात्री नऊला कोण बघतंय, काकूंचं मांजर? त्यात ढगाळ दिवशी पॅनेल बॅटरी नीट भरतच नाही, म्हणजे ज्या रात्री ऑक्सिजन सगळ्यात कमी असणार त्याच रात्री कारंजं सगळ्यात लवकर झोपणार. आणि दुपारी, जेव्हा शेवाळ फुकटात ऑक्सिजन बनवतंय, तेव्हा हे साहेब पूर्ण जोरात.

कस्टमर केअरला फोन केला. तिकडून "सर, फव्वारा दिन में चल रहा है ना?" चालतंय म्हटल्यावर तक्रार बंद. परत केला, मेल केले, बॉक्सचा फोटो पाठवला, तर म्हणाले "रात्रीही चालते" यात रात्री किती वाजेपर्यंत ते लिहिलेलं नाही. मासा मेलाय म्हटलं तर शांतपणे उत्तर आलं की लाइव्ह स्टॉक वॉरंटीत येत नाही. मग काय वाटलं कुणास ठाऊक, कुरिअरनं नोझलचं एक जादा पाकीट पाठवून दिलं. कमळाच्या आकाराचं पाणी उडवणारं. मी हसावं की रडावं.

मग स्क्रू काढले आणि लाइटच्या दोन वायरी कापून टाकल्या, वर टेप आणि सिलिकॉन. वॉरंटी गेली, जाऊ दे, तशी पण नोझलचीच वॉरंटी होती. आणि इथे मला मत जरा बदलावं लागलं, कारण लाइट गेल्यावर कारंजं चांगल्या उन्हाच्या दिवशी मध्यरात्र ओलांडून चालायला लागलं. म्हणजे पंप चांगला आहे, पॅनेल चांगलं आहे, आवाज नाही, अजून एकदाही अडकला नाही. अर्धा स्टार परत दिला असता. पण पहाटे चारला परत गेलो तर बंदच. आणि तेव्हा दुसरी गोष्ट लक्षात आली की ही तरंगणारी चकती पाणी ओढते वरच्या चार बोटांतून आणि टाकते तिथेच, खालचं पाणी वर येतच नाही. दिसायला छान, कामाला निम्मं.

दुकानदारानं मधेच शेवाळ मारायचं औषध गळ्यात मारायचा प्रयत्न केला. मामांनी फोनवरच झापलं, शेवाळ एकदम मेलं की ते कुजताना उरलासुरला ऑक्सिजन पण खाईल. त्याऐवजी अर्ध्या हौदावर हिरवं शेडनेट टाकलं, खाद्य निम्मं केलं, तळाचा गाळ थोडा थोडा उपसला. पाणी आता चहाच्या रंगाचं आहे, पण तळ दिसतो.

आणि शेवटी जे पहिल्याच दिवशी घ्यायला हवं असं कुणीतरी त्या पेजवर लिहायला हवं होतं ते घेतलं, ॲक्वेरियमच्या दुकानातला साधा एअर पंप, दोन एअर स्टोन तळाशी. बुडबुडे खालून वर येताना खालचं पाणी वर आणतात, काम झालं. पाच वॉटचा आहे, चोवीस तास चालवला तर महिन्याला ३.६ युनिट, दहा रुपये युनिट धरलं तरी छत्तीस रुपये. हे छत्तीस रुपये वाचवायला मी सोलर घेतलं होतं! वळवाच्या पावसात लाइट नेमकी रात्री जाते म्हणून चार्जिंगवाला घेतला, लाइट गेली की आपोआप बॅटरीवर जातो, आणि याच्या बॅटरीला रंगीत दिवे लावायचं कुणाच्या डोक्यात आलेलं नाही. आता पहाटे बघितलं तर कोई तळाशी गप उभे असतात.

पाचपैकी दीड स्टार. एक पॅनेलला, अर्धा पंपाला, लाइटला उणे द्यायची सोय नाही म्हणून शून्य. ज्यांच्या हौदात नुसती कमळं आणि गप्पी आहेत त्यांनी बिनधास्त घ्या, डास कमी होतात कारण पाणी हलतं, मुलांना आवडतं. मोठे मासे असतील तर आधी एअर पंप, मग हौस. बिनलाइटचं, बिनबॅटरीचं स्वस्त मॉडेल त्याच कंपनीचं मिळतं, पंप तोच आहे, ते घ्या.

नोझलचं पाकीट न उघडता पडलंय. नाशिकात कुणाला हवं असेल तर येऊन घेऊन जा, बाहेरगावचं असेल तर कुरिअर तुमचं.