फोनवरचं बोलणं वाचायला लागून बरेच महिने झाले, माझा अनुभव

मला दोन्ही कानांनी कमी ऐकू येतं, मशीन लावते. समोरासमोर ओठ बघून निभतं पण फोन म्हटला की मध्ये कोणीतरी लागायचंच, अगदी डॉक्टरांना स्वतःचं दुखणं सांगायला सुद्धा. आता बरेच महिने मी स्वतः कॉल करतेय म्हणून सविस्तर लिहिते, कारण मशीन घेताना यातलं कोणी काही सांगत नाही.

आधी एचडी कॉल. जुन्या साध्या कॉलवर साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ (आवाज किती बारीक किंवा जाड, ते मोजायचं एकक) एवढ्याच पट्टीचा आवाज पोचतो आणि स, श चा बराचसा आवाज त्याच्याही वर असतो, म्हणून "साठ" म्हणाले की "आठ" ते मला कळायचंच नाही. एचडी व्हॉइस लागला की ही मर्यादा ७००० पर्यंत जाते, फरक लगेच जाणवतो, फक्त दोन्हीकडे ती सोय हवी.

दुसरं, कॉल स्पीकरवर टाकून शेजारच्या फोनवर बोललेलं लिहून दाखवणारं ॲप. खूप आधार वाटतो, पण अक्षरं थोडी मागून येतात आणि नावं, आकडे हमखास चुकतात, त्यामुळे तारीख-वेळ मी परत विचारून घेतेच. "यासाठी एक दाबा" वाल्या रेकॉर्डेड कॉलवर तर मी वाचेपर्यंत वेळ संपलेली असते, राग येतो खरंच! तिथे थोडा जास्त वेळ द्यायला काय हरकत आहे?

आणि सगळ्यात आवडलेलं म्हणजे आरटीटी, रिअल टाइम टेक्स्ट. चालू कॉलमध्येच टाइप करायचं, सेंड दाबायचं नाही, एकेक अक्षर लगेच समोर उमटतं. बहीण "उद्या सकाळी ये" लिहीत होती, "उद्या स" दिसल्याबरोबर मी "सकाळी नाही जमणार" टाकलं आणि ती तिथेच थांबली. मेसेजमध्ये असं मध्येच तोडता येत नाही हो, आणि खरं बोलणं असंच तर असतं. इमर्जन्सीत तर अर्धवट लिहून कॉल कटला तरी तेवढं पोचलेलं असतं. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या स्वतः कर्णबधिर असलेल्या शास्त्रज्ञाने साध्या फोन लाइनवरून टाइप करून बोलायची सोय केली, तेव्हापासून ही गरज माहितीये, तरी आज आरटीटी सगळ्या नेटवर्कवर नाही.

सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी किंवा कॉलच्या सेटिंगमध्ये आरटीटी दिसतं का बघा, नसेल तर कस्टमर केअरला लेखी विचारा.