रॅलीची खरी गाडी, पात्रतेचे खोटे पत्र आणि गेलेले 6,60,000 रुपये

रत्नागिरी जिल्ह्यात रॅलीच्या गाड्यांवर काम करणारे आम्ही मोजकेच आहोत, त्यामुळे ‘काही कळत नसताना हौसेपायी बुडाला’ हा टोमणा मला लागू होत नाही, हे आधीच सांगतो. पनवेलजवळच्या एका शेडमध्ये मला विकायला दाखवलेली गाडी खरोखरच 2008 ची वर्ल्ड रॅली कार, म्हणजे जागतिक रॅली स्पर्धेतील अव्वल गटाची गाडी होती: दोन लिटरचे टर्बो इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह, इंजिनात जाणारी हवा मर्यादित करणारा 34 मिलिमीटरचा रेस्ट्रिक्टर. खोटे होते ते कागद.

विक्रेत्याचा युक्तिवाद नीट समजून घ्या, कारण तो अर्धा खरा आहे. त्या काळातील वर्ल्ड रॅली कारची जागतिक नोंद ‘ग्रुप ए’ या, कारखान्यात बनणाऱ्या गाड्यांवर आधारलेल्या गटातील मूळ गाडीचा विस्तार म्हणूनच होत असे. त्यावरून ‘ही ग्रुप ए गटाचीच, म्हणजे राष्ट्रीय स्पर्धेत चालणारच’ असे तो ठासून सांगत होता. प्रत्यक्षात, निवृत्त झालेली अव्वल दर्जाची गाडी कोणत्या देशात कोणत्या गटात धावेल हे तेथील राष्ट्रीय महासंघ ठरवतो, आणि आपल्याकडे त्यासाठी एफएमएससीआय या मोटर स्पोर्टच्या राष्ट्रीय महासंघाची त्या वर्षाची नियमावलीच पाहावी लागते. त्याने दिलेल्या पत्रावर मात्र ‘कायमस्वरूपी पात्र’ असे छापलेले होते. दरवर्षी बदलू शकणाऱ्या नियमांत कायमस्वरूपी पात्रता कोण देणार?

त्याहूनही झोंबतो तो स्टिअरिंगचा क्षण. ते डावीकडे होते. जुनी गाडी आयात करायची तर ती तीन वर्षांहून जुनी नसावी आणि स्टिअरिंग उजवीकडे असावे, हा नियम मला ठाऊक होता, आणि मी विचारलेही. ‘रॅलीच्या गाडीला नोंदणी कशाला, ट्रेलरवरून न्यायची,’ असे उत्तर मिळाले. एका स्टेजहून, म्हणजे वेळ मोजल्या जाणाऱ्या बंद रस्त्याच्या टप्प्याहून, दुसऱ्या स्टेजकडे रॅलीची गाडी चालू रस्त्यानेच जाते, म्हणून नोंदणी लागतेच, हे मी इतरांना शिकवतो. पण समोर इंजिन सुरू असताना, त्या आवाजात, कोणीही पैसे काढलेच असते. बयाणा 2,00,000, बंदरातील सोडवणूक 3,75,000 आणि पात्रतापत्राचे ‘शुल्क’ 85,000. गाडी कार्नेटवर, म्हणजे परत नेण्याच्या अटीवर आलेली असल्याचे नंतर कळले. अशी गाडी येथे विकताच येत नाही. सीट, बेल्ट आणि इंधनटाकीच्या आतील पिशवीवरील तारखा आधी वाचा, मुदत संपलेली असेल तर विक्रेत्याचे बाकीचे बोलणे ऐकूच नका.

पोलिसांकडे गेलो तर पैसे येथून गेले, शेड दुसऱ्या जिल्ह्यात आणि खाते परराज्यातले, म्हणून प्रत्येकाने मला पुढच्याकडे पाठवले. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार गुन्हा कोठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते, हे कलम मी छापून नेले. तेव्हा ‘हा दिवाणी वाद आहे’ असे नवे कारण निघाले. एका साहेबांनी तर ‘शर्यतीची गाडी घ्यायला पैसे आहेत, मग तक्रार कसली’ असे सुनावले. बँकेने, पैसे तुम्हीच पाठवले, एवढे लिहून हात झटकले. अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारे रजेवर! ऑनलाइन पैसे गेले असतील तर त्याच तासाला 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. मला हे कोणी सांगितले नाही.

तीच गाडी आता कर्नाटकातील एकाला दाखवली जात आहे. डाव्या मडगार्डवर दुरुस्तीचा फिकट ठिगळ आहे, रेस्ट्रिक्टरवर सील नाही. दिसली तर चेसिस क्रमांक स्वतः टिपून घ्या आणि मला कळवा.