पाच एकर खरे, पाण्याचा हक्क मात्र नाही: कोलोराडोतल्या स्वस्त जमिनीची फसवणूक

‘पाच एकर, दरमहा दीडशे डॉलर, क्रेडिटची चौकशी नाही, होमस्टेडिंगसाठी उत्तम.’ होमस्टेडिंग म्हणजे आपल्या जमिनीवर राहून स्वतःपुरती शेती-जनावरं करणं. अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याच्या दक्षिण टोकाला, सॅन लुईस खोऱ्यातल्या कोस्टिल्ला कौंटीतल्या (कौंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग) प्लॉटच्या अशा जाहिराती सतत दिसतात. अमेरिकेत नोकरी करताना आपलीही चार वाफे भाजी आणि दोन शेळ्या असाव्यात असं वाटणाऱ्या मराठी माणसाला त्या भुरळ घालणारच. या फसवणुकीत प्लॉट खरा असतो आणि बऱ्याचदा कागदही खरे असतात. खोटं फारसं बोललं जात नाही. जे सांगायला हवं ते गाळलं जातं, म्हणून नंतर तक्रार करणंही अवघड होतं.

‘होमस्टेड’ म्हटलं म्हणून सरकारी सवलत मिळत नाही. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर सरकारी जमीन मिळायची, पण अलास्का सोडून बाकी देशात ती सोय १९७६ मध्ये संपली. आज विकले जाणारे प्लॉट बहुतेक १९६०-७० च्या दशकांत मोठी कुरणं तोडून नकाशावर आखलेले आहेत. तेव्हा ते टपालाने, न पाहताच विकले गेले. देशभर चाललेल्या अशाच विक्रीला आळा घालायला १९६८ मध्ये केंद्राला कायदा करावा लागला.

खरी मेख पाण्यात आहे. कोलोराडोत जमिनीखालचं पाणी आपोआप जमीनमालकाचं होत नाही. ज्याने आधी वापरलं त्याचा हक्क आधी. राज्यातला सर्वांत जुना, अजून वापरात असलेला पाण्याचा हक्क याच कौंटीतल्या पाटाचा आहे, १८५२ चा. त्यानंतरचे सगळे रांगेत मागे. ३५ एकरांपेक्षा लहान आणि १ जून १९७२ पूर्वी आखलेल्या प्लॉटला बोअरचं परमिट मिळालं, तरी ते साधारणपणे फक्त घरातल्या वापरासाठी असतं. म्हणजे नळ, मोरी, संडास. त्या पाण्यातून भाजीला एक झारी घालता येत नाही की शेळीला बादलीभर पाणी ठेवता येत नाही. विक्रेता ‘बोअर मारता येते’ म्हणतो, ते खरंच असतं. पुढचं वाक्य तो बोलत नाही. छपरावरचं पाणी साठवायचं, तर २०१६ च्या कायद्याने दोन पिंपं, मिळून ११० गॅलन, म्हणजे सव्वाचारशे लिटरच्या आत.

मग टाकीने पाणी आणायचं ठरतं. ५०० गॅलन पाण्याचं वजन जवळजवळ १,९०० किलो. साध्या पिकअपला ते झेपत नाही, मजबूत ट्रेलर लागतो. चार माणसांनी अगदी काटकसरीने माणशी १५ गॅलन वापरलं, तरी ते आठ दिवसांत संपतं. हिवाळ्यात पारा शून्याच्या खूप खाली जातो. टाकी आणि पाइप पुरेसे खोल पुरले नाहीत तर गोठून फुटतात.

पिकांचं सांगायचं तर खोऱ्याचा तळच २,३०० मीटरहून उंच आहे. मध्यभागी वर्षाला १८० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो. आपल्या माण तालुक्यात याच्या दुपटीहून जास्त पडतो. जूनच्या सुरुवातीपर्यंत रात्री गोठवतात आणि सप्टेंबरमध्ये पुन्हा सुरू होतात. इथे बटाटा, बार्ली, अल्फाल्फा (लसूणघास) पिकतो तो जुने पाणीहक्क असलेल्या शेतांत. टोमॅटो हवे असतील तर हरितगृह धरूनच हिशेब करा.

‘आधी आरव्हीत (राहायची सोय असलेल्या गाडीत) राहू, मग घर बांधू’ हा बेतही बहुतेकदा फसतो. मातीची तपासणी, सेप्टिकचं (संडासाच्या सांडपाण्याच्या टाकीचं) परमिट आणि पाण्याची सोय यांशिवाय कायमचं राहू देत नाहीत, आणि आरव्हीतले दिवस मोजून दिलेले असतात. कोस्टिल्लात २०१५ च्या सुमारास यावरूनच कौंटी आणि रहिवासी यांच्यात मोठा वाद झाला.

म्हणून प्लॉटचे फोटो बघण्याआधी कौंटी तपासा. विक्रेत्याकडून पार्सल नंबर, म्हणजे कौंटीच्या नोंदीतला प्लॉटचा क्रमांक, घ्या. तो देत नसेल तर बोलणं तिथेच थांबवा. नंबर घेऊन प्लॅनिंग खात्याला लेखी विचारा: इथे घर, सेप्टिक आणि जनावरं चालतात का, रस्ता कौंटी राखते का? नकाशावरचा रस्ता कित्येकदा जमिनीवर नसतोच. राज्याच्या जलसंपदा विभागाच्या संकेतस्थळावर शेजारच्या बोअरची परमिटं, खोली आणि मिनिटाला किती पाणी लागलं हे फुकट दिसतं. कौंटीच्या ट्रेझररकडे (खजिनदाराकडे) थकलेला कर पाहा. असेसरकडे (करासाठी मालमत्तेची किंमत ठरवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) आजूबाजूच्या प्लॉटच्या विक्रीच्या नोंदी पाहा. विक्रेत्याने तोच प्लॉट कितीला घेतला हेही बहुधा तिथेच सापडतं.

हप्त्यावर घेताना ‘काँट्रॅक्ट फॉर डीड’ (हप्ते फिटल्यावर खरेदीखत देण्याचा करार) असेल तर शेवटच्या हप्त्यापर्यंत मालकी विक्रेत्याकडेच राहते. हप्ते चुकले तर आधी भरलेलं सगळं बुडू शकतं. क्विटक्लेम डीड या प्रकारच्या खरेदीखतात विक्रेता ‘माझा काही हक्क असेल तर तो दिला’ एवढंच लिहून देतो. वॉरंटी डीड (मालकीची हमी देणारं खरेदीखत) आणि टायटल विमा (मालकीत दोष निघाला तर भरपाई देणारा विमा) मागा.

करारावर आधीच सही झाली असेल, तर पुढचा हप्ता भरण्याआधी तो करार कौंटीच्या क्लर्क अँड रेकॉर्डरकडे (दस्त नोंदवणाऱ्या कचेरीत) नोंदवलेला आहे का ते पाहा. नसेल तर स्थानिक वकिलाकडून नोंदवता येतो का ते विचारा. प्लॉट आज विक्रेत्याच्याच नावावर आहे आणि त्यावर करथकबाकी किंवा बोजा नाही, याची नक्कलही त्याच खेपेला काढून घ्या.