दगडाची पकड आणि पात्याची जाडी : अकीकाचे काप करण्यासाठी कोणता मार्ग निवडावा?

महाराष्ट्रातल्या काळ्या कातळात अकीक (अॅगेट), गारगोटी आणि जास्पर अशा रंगीत, कठीण दगडांचे गोळे सापडतात, हे विहिरी खोदणाऱ्यांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थिजताना त्यात वायूच्या बुडबुड्यांमुळे पोकळ्या राहिल्या आणि पुढे सिलिका (वाळूतला मुख्य घटक) विरघळलेले पाणी त्यांत झिरपत राहून थरावर थर साचत गेले. नेवासे आणि इनामगाव येथील उत्खननांत मिळालेले तांबड्या अकीकाचे मणी याच जातीच्या दगडाचे आहेत. बाहेरून असा गोळा मळकट आणि बटाट्यासारखा दिसतो. आतले पट्टे, शेवाळी नक्षी किंवा स्फटिकांची पोकळी तो कापल्याशिवाय दिसत नाही. असे गोळे जमवून झाले, एकदोन हातोडीने फोडून पस्तावा झाला आणि आता उरलेल्यांचे सरळ, सारख्या जाडीचे काप करावेत असे ज्याच्या मनात आहे, त्याच्यासाठी हा आढावा आहे.

यंत्राआधी दगडाचा विचार करावा, कारण निम्मा निर्णय तिथेच होतो. गोल पात्याचा मधला भाग धुरा आणि चकत्यांनी अडलेला असल्यामुळे पाते आपल्या व्यासाच्या साधारण एकतृतीयांश इतकेच खोल जाऊ शकते. सहा इंची पात्याने सुमारे दोन इंचांपर्यंतचा आणि दहा इंची पात्याने सुमारे तीन इंचांचा दगड एका बाजूने कापता येतो. म्हणून आपल्या टोपलीतले दगड मोजावेत. लिंबाएवढे किती, मुठीएवढे किती आणि नारळाएवढे किती, हे खरोखर मोजल्यावर बहुतेकांच्या लक्षात येते की मोठे दगड हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच आहेत आणि यंत्राची स्वप्ने मात्र त्यांच्यासाठीच पाहिली जात होती. त्याच वेळी प्रत्येक दगड पाण्यात बुडवून वाऱ्यावर सुकत ठेवावा. बाकीचा पृष्ठभाग सुकल्यावरही जिथे ओली रेघ उरते, तिथे चीर असते. असा दगड पात्याखाली दुभंगतो आणि त्याचा सुटलेला तुकडा पात्यात अडकतो. पोकळीत स्टिलबाइट किंवा अपोफिलाइटचे स्फटिक असतील, तर तो गोळा कापूच नये, अशी माझी विनंती आहे. ही खनिजे अकीकापेक्षा बरीच मऊ असतात, त्यांचे पापुद्रे सहज सुटतात आणि त्यांचे मोल ती अखंड राहण्यातच असते.

आता मार्गांकडे वळू. हातात धरायचा मार्बल कटर अनेकांच्या घरी आधीच असतो, म्हणून सुरुवात त्याने करण्याचा मोह होतो. मी तो या तुलनेतून बाद करतो. त्याचे पाते मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते, गोल दगड पायाखाली किंवा हाताने धरावा लागतो आणि यंत्र कोरडे चालवले तर धुळीचा ढग उठतो. अकीक म्हणजे जवळजवळ निव्वळ सिलिका. तिची बारीक धूळ फुप्फुसात जाऊन बसली की सिलिकोसिस हा फुप्फुसांचा आजार होतो आणि तो बरा होत नाही. गुजरातमधल्या खंभातच्या अकीक उद्योगाने याची फार मोठी किंमत मोजली आहे. तिथे दगड घासणाऱ्या कारागिरांनाच नव्हे, तर आसपास राहणाऱ्यांनाही हा आजार झाल्याची नोंद आहे. छंद म्हणून महिन्यातून दोन दिवस काम करणाऱ्यानेही दगड ओल्यानेच कापावा, मास्क लावावा आणि काम झाल्यावर सांडलेला पांढरा गाळ ओला असतानाच पुसून घ्यावा. तो सुकला की पुन्हा तीच धूळ होते.

टेबलावर ठेवायचा, खाली पाण्याचा ट्रे असलेला टाइल कटर हा सर्वांत स्वस्त असा खरा पर्याय आहे. तो हार्डवेअरच्या दुकानात मिळतो आणि त्याची पातीही गावोगावी मिळतात. त्याचे दोष दोन. पहिला दोष पात्याच्या जाडीचा. टाइलसाठीचे पाते साधारण दोन ते अडीच मिलिमीटर दगड खाते, तर दगडकामाचे पातळ पाते एका मिलिमीटरच्या आसपास. हा फरक कागदावर किरकोळ वाटतो, म्हणून हिशेबच मांडतो. साल काढून ६० मिलिमीटर उरलेल्या अकीकाचे ६ मिलिमीटर जाडीचे काप करायचे असतील, तर अडीच मिलिमीटर खाणाऱ्या पात्याने सात काप निघतात आणि एक मिलिमीटर खाणाऱ्या पात्याने आठ. शिवाय पट्ट्यांची नक्षी कापागणिक बदलत जाते, त्यामुळे गेलेला काप कधीकधी नेमका सर्वांत देखणा असतो. दुसरा दोष अधिक गंभीर आहे. टाइल सपाट असते आणि टेबलावर स्वतःच स्थिर बसते. गोळा बसत नाही. हाताने रेटलेला गोळा पात्याच्या ओढीने किंचित फिरतो, कापाची एक कड चार मिलिमीटर तर दुसरी आठ मिलिमीटर येते आणि पुढे घासून सपाट करण्यात तासच्या तास जातात. यावर उपाय आहे. लाकडी ठोकळ्याला एपॉक्सीने दगड चिकटवावा आणि तो ठोकळा मार्गदर्शक पट्टीला टेकवून पुढे सरकवावा. एवढे केले, तर लिंबाएवढ्या दगडांसाठी टाइल कटर चांगले काम देतो. आपल्याला हा छंद मानवतो का, हे ज्याला वर्षभर पाहायचे असेल, त्याला मी हाच मार्ग सुचवेन.

ट्रिम सॉ हे खास दगडकामाचे छोटे यंत्र आहे. चार ते सहा इंचांचे पातळ पाते, खाली पाण्याची किंवा कूलंटची (पाते थंड ठेवणाऱ्या द्रवाची) टाकी आणि दगड आवळून धरणारा, सरकणारा छोटा व्हाइस (शिकंजा), एवढाच त्याचा पसारा. जयपूरला रत्नांच्या धंद्यासाठी लागणाऱ्या यंत्रांचा बाजार आहे, तिथे अशी यंत्रे मिळतात. आवाज टाइल कटरपेक्षा कमी असतो आणि दगड फार वाया जात नाही. मात्र पातळ पाते पकडीतली ढिलाई मुळीच सहन करत नाही. माझ्याकडचे पहिले सहा इंची पाते चौथ्याच दगडाला गेले. अंडाकृती गोळा व्हाइसच्या दोन सपाट जबड्यांत फक्त दोन बिंदूंवर धरलेला होता. निम्मा काप झाल्यावर चर्र असा एकसारखा चाललेला आवाज अचानक घोगरा झाला. मी थांबलो नाही. काप बाहेर काढला तेव्हा त्याचा पृष्ठभाग शिंपल्यासारखा वाकलेला होता, आणि पाते सपाट काचेवर ठेवून पाहिले तर ते उथळ बशीसारखे झाले होते. तेव्हापासून प्रत्येक गोळ्याच्या दोन्ही बाजूंना मऊ लाकडाच्या पाचरी ठोकून तो किमान चार ठिकाणी आवळल्याशिवाय मी मोटर सुरू करत नाही आणि आवाज बदलला की आधी हात मागे घेतो. बदललेला आवाज म्हणजे दगड सरकल्याची किंवा पाते बोथट झाल्याची खूण असते. पात्याच्या कडेच्या धातूत हिऱ्याचे बारीक कण बसवलेले असतात आणि पाते बोथट झाले की ते त्या धातूखाली झाकले जातात. अशा वेळी मऊ विटेत किंवा जुन्या घासचाकात दोनतीन काप मारले की धातू झिजून हिरे पुन्हा वर येतात.

मोठा स्लॅब सॉ याच कामासाठी घडवलेला आहे आणि कापाच्या दर्जात त्याला तोड नाही. दहा, चौदा इंची किंवा त्याहून मोठे पाते, जड व्हाइस, दगड आपोआप पुढे सरकवणारा स्क्रू किंवा वजन, वर बंद होणारे झाकण आणि टाकीत खनिज तेल, अशी त्याची रचना असते. इथे हाताचा संबंधच येत नाही. दगड ठरलेल्या गतीने सरळ रेषेत पुढे जातो, मुठीएवढ्या अकीकाच्या एका कापाला पंधरावीस मिनिटे लागतात आणि बाहेर आलेला काप इतका गुळगुळीत असतो की ओला करून उन्हात धरला तरी नक्षी पूर्ण वाचता येते. तेलाचे वंगण पाण्यापेक्षा चांगले असल्यामुळे पाते जास्त टिकते आणि यंत्राला गंज चढत नाही. पण हे यंत्र घर मागते. तेलाचे बारीक तुषार झाकणातूनही हवेत येतात आणि वास पडद्यांना लागतो. काप साबणाने धुऊन भुशात ठेवावे लागतात आणि तरीही सच्छिद्र दगडांत शिरलेले तेल निघत नाही. फिरोजासारखा दगड त्यात कापूच नये. तेलाऐवजी रॉकेल किंवा डिझेल वापरण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो मानू नये, कारण ठिणगी उडणाऱ्या ठिकाणी सहज पेट घेणारे इंधन ठेवणे हा जिवाशी खेळ आहे. वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये हे यंत्र ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. वाड्याची पडवी, शेतघर किंवा स्वतंत्र शेड असेल आणि वर्षाला शेकडो काप करण्याइतका दगड असेल, तरच ते घेण्यात अर्थ आहे.

शेवटचा मार्ग दगड बाहेरून कापून आणण्याचा. जवळ म्हणून ग्रॅनाइटच्या कारखान्यात जावेसे वाटते आणि मीही गेलो होतो. तिथले पाते जाड, दगड धरण्याची सोय मोठ्या लाद्यांची आणि कामगाराला माझ्या गोळ्याचे अप्रूप असण्याचे कारण नव्हते. पट्ट्यांना आडवा छेद हवा असताना त्याने पट्ट्यांच्या बाजूने कापले आणि वर्षभर जपलेल्या दगडाचे करड्या रंगाचे दोन निर्जीव तुकडे हातात आले. चूक माझीही होती. मी तोंडी सांगितले, दगडावर खूण केली नाही. खंभातमध्ये किंवा जयपूरमध्ये अकीकावर काम करणाऱ्या कारागिराची गोष्ट वेगळी. दगड हातात घेऊन फिरवतानाच छेद कुठून घ्यायचा, हे त्याला दिसते. तरीही दगड पाठवताना न पुसल्या जाणाऱ्या मार्करने कापाची रेषा, जाडी आणि कापांची संख्या दगडावरच लिहावी. अंगठीच्या किंवा लोलकाच्या घुमटाकार खड्यासाठी ५ ते ६ मिलिमीटर जाडी पुरते, तर खिडकीत उजेडासमोर लावायच्या पट्टेदार अकीकाला ३ मिलिमीटरही शोभतात. व्याघ्रनेत्रासारख्या (टायगर आय) तंतुमय दगडाचा छेद तंतूंना समांतर घ्यायचा असतो; तो आडवा घेतला, तर चमकणारी रेघ उमटतच नाही.

घरच्या कोणत्याही यंत्राबाबत दोन गोष्टी किमतीच्या हिशेबात आधीच धराव्यात. पाण्याजवळ चालणाऱ्या मोटरला नीट अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरवर तुटणारा आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) हवाच. आणि टाकीतला गाळ मोरीत ओतू नये, तो पाइपात बसला की सिमेंटसारखा घट्ट होतो. बादलीत रात्रभर निवळू द्यावा, वरचे पाणी पुन्हा वापरावे आणि खालचा चिखल पिशवीत बांधून कचऱ्यात द्यावा.

पुण्यानाशिकच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आणि मुठीपेक्षा लहान दगड जमवणाऱ्या माणसाने सहा इंची ट्रिम सॉ घ्यावा आणि पैसे वाचवायचेच असतील, तर मोटरवर वाचवावेत, व्हाइसवर वाचवू नयेत. त्याच्याकडचे नारळाएवढे दोनचार गोळे खंभातला पाठवावेत. ते तिथे मधोमध एकदाच कापून घेतले, की मिळालेली सपाट बाजू लाकडी ठोकळ्यावर पक्की चिकटते. लहान पात्याच्या आवाक्यात बसणाऱ्या अर्ध्या भागांचे पुढचे काप मग घरीच करता येतात.