बँडोनियन: काही महिन्यांनंतर, मुख्यतः हवेच्या खटक्याबद्दल

बँडोनियन म्हणजे अकॉर्डियनसारखंच भात्याचं, पण दोन्ही बाजूंना बटणं असलेलं वाद्य. वाद्य वाईट नाही. वाईट आहे तो उजव्या अंगठ्याशी असलेला हवेचा खटका (दाबला की झाकण उघडून सूर न वाजता भात्यात हवा ये-जा करते), आणि त्याबद्दल कोणी धड बोलत नाही.

माझ्या खटक्याचं झाकण गळायला लागलं. आतली चामड्याची गादी झिजली होती, एवढंच. दुरुस्तीवाल्याने मात्र पूर्ण ओव्हरहॉलचा आकडा सांगितला. नखाएवढ्या चामड्यासाठी! बरीच हुज्जत घातल्यावर फक्त गादी बदलून मिळाली, तीही कुरकुरत.

अकॉर्डियनवाल्यांना हे रामायण कळणार नाही. हवेचं बटण त्यांच्याकडेही असतं, पण पियानो अकॉर्डियनमध्ये भाता उघडा की मिटा, सूर तोच. भाता कुठेही उलटवावा. टँगो हे अर्जेंटिनाकडचं नृत्यसंगीत वाजवणारे मात्र बँडोनियनवर बरंचसं भाता उघडतानाच वाजवतात आणि खटका दाबून तो झटकन मिटतात. त्यामुळे खटका सारखा राबतो. तो गळला की लांब सूर निम्म्यातच दमतो.

बटणांवरून मी सुरुवातीला फार उखडलो होतो. 142 सुरांच्या वाद्यात उजवीकडे 38, डावीकडे 33, आणि प्रत्येक बटण उघडताना एक सूर देतं, मिटताना बहुधा दुसराच. म्हणजे चार नकाशे पाठ करा. इंग्लिश कॉन्सर्टिनात (कॉन्सर्टिना म्हणजे भात्याचंच छोटं बटणांचं वाद्य) ही भानगड नाही. अँग्लो प्रकारच्या कॉन्सर्टिनात आहे, पण तिथे बटणं साधारण 30. आता तक्रार निम्मी मागे घेतो: उघडतानाचे दोनच नकाशे पक्के केले तरी पुष्कळ वाजवता येतं.

आवाजाबद्दल तक्रार नाहीच. बटणामागे दोन रीड (हवेने थरथरून सूर देणाऱ्या धातूच्या जिभा), एका सप्तकाच्या अंतराने लावलेल्या. अकॉर्डियनच्या म्युझेट जुळणीत रीड एकमेकींपासून किंचित बेसूर लावून मुद्दाम ठेवतात तशी थरथर नाही, सूर सरळ आणि कोरडा. फक्त रीड तुटली तर वैताग: अकॉर्डियनमध्ये लहान पट्टी सुटी निघते, इथे बहुधा अनेक रीडची लांबलचक जस्ताची पट्टी काढावी लागते.

जर्मनीतल्या कार्ल्सफेल्डच्या आल्फ्रेड आर्नोल्ड या कारखानदाराच्या जुन्या बँडोनियनांचं नाव मोठं आहे, पण नावावर पैसे ओतू नका. एक बाजू धरा, एकही बटण न दाबता दुसरी लटकू द्या. भाता भराभर उघडत खाली आला, तर आधी खटक्याचं झाकण तपासा आणि किंमत पाडून मागा.