'सीलबंद' जॅझ रीइश्यूच्या नादात 668 डॉलर गेले

आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. 668 डॉलर. रीइश्यूंचे, म्हणजे जुन्या अल्बमच्या नव्याने काढलेल्या रेकॉर्डचे, 620 आणि शिपिंगचे 48. घरी मी अजून 450 च सांगितलेत, त्यामुळे वाचणाऱ्यांत कुणी ओळखीचं असेल तर कृपया तोंड बंद ठेवा.

जॅझच्या व्हायनलमध्ये, म्हणजे काळ्या तबकड्यांच्या खरेदी-विक्रीत, फसवाफसवी कशी चालते हे इथल्या सगळ्यांना साधारण माहीत असतंच. पहिला छोटा माल खरा पाठवायचा, मग मोठा लॉट काढायचा, गिऱ्हाईकाला घाई लावायची आणि पैसे आडवाटेने मागायचे. मलाही माहीत होतं, चार जणांना मीच हे ज्ञान पाजळलंय. तरी अडकलो, कारण मला विकणारा हा माणूस विषयातला वाटत होता. नुसता 'रेअर, मिंट, 180 ग्रॅम' असं ओरडणारा असता तर ढुंकून बघितलं नसतं. (180 ग्रॅमवरून आठवलं, रेकॉर्ड जाड आहे म्हणून चांगली वाजते असं काही नसतं. कटिंग, म्हणजे टेपवरचा आवाज तबकडीवर कोरण्याचं काम, कुणी केलं आणि कुठल्या टेपवरून केलं ते विचारा, वजन भाजी घेताना बघा.)

हा बोलायचा कशावर, तर जॅझचा नावाजलेला रेकॉर्डिंग इंजिनिअर रूडी व्हॅन गेल्डर न्यू जर्सीतल्या हॅकेन्सॅकला आईवडिलांच्या घरातल्या दिवाणखान्यात रेकॉर्डिंग कसं करायचा आणि 1959 मध्ये एंगलवुड क्लिफ्सला स्टुडिओ बांधल्यावर आवाज कसा बदलला यावर. माइल्स डेव्हिसच्या 'काइंड ऑफ ब्लू'च्या पहिल्या बाजूची गाणी टेप मशीनच्या घोळामुळे कित्येक वर्षं चुकीच्या स्पीडने विकली जात होती आणि 1992 मध्ये ते दुरुस्त झालं, हे यानेच गप्पांत काढलं. 2022 चं मोबाइल फिडेलिटी या रीइश्यू कंपनीचं प्रकरण, म्हणजे लोक ज्याला शुद्ध अ‍ॅनालॉग समजून पैसे मोजत होते त्यात मध्ये डिजिटल स्टेप होती हे बाहेर आलं ते, त्यावर तर हा इतका चिडून बोलला की मला वाटलं आपलाच माणूस. फसवणाऱ्या लोकांवर चिडणारा माणूस फसवेल असं कुणाच्या डोक्यात येईल? आता कळतं की एवढं सगळं कुणीही एका संध्याकाळी वाचून पाठ करू शकतो. पण तेव्हा रात्री अकरा वाजता हेडफोन लावून एकटाच जॉन कोल्ट्रेनचा सॅक्सोफोन ऐकणाऱ्या माणसाला असं बोलायला कुणी भेटलं की काय होतं, ते ज्याचं त्याला कळतं.

पहिली खरेदी 42 डॉलरची. फ्लोटिंग पॉइंट्स आणि फॅरो सँडर्सची 2021 ची 'प्रॉमिसेस'. रेकॉर्ड खरी, नवीकोरी, पॅकिंग तर असं की दुकानदाराने लाजावं. पेमेंटही नेहमीच्या सुरक्षित मार्गाने. हे आमिष असतं हे मला नवीन नाही, पण आमिष एवढं चांगलं वाजत असेल तर माणूस काय करणार.

मग आला लॉट. 'काकांचं कलेक्शन आहे, ते गेले, काकूंना घर रिकामं करायचंय.' (मेलेल्या काकांचं कलेक्शन असं दिसलं की तिथूनच मागे फिरा, या धंद्यात काका फार मरतात.) पाच टायटल, सगळी सीलबंद. कोल्ट्रेनची 'ब्लू ट्रेन' टोन पोएट मोनो 65, म्युझिक मॅटर्स या रीइश्यू कंपनीचे 45 आरपीएमचे (मिनिटाला 45 फेऱ्या) दोन-दोन डिस्कचे दोन सेट 240 आणि 210, कोल्ट्रेनच्याच 'अ लव्ह सुप्रीम'ची अकूस्टिक साउंड्स सिरीजवाली 55, आणि अ‍ॅलिस कोल्ट्रेनची 'जर्नी इन सच्चिदानंद' 50. शेवटची त्याने मुद्दाम घातली होती, कारण तिच्यातही फॅरो सँडर्स आहे आणि मी आधी काय घेतलं हे त्याला माहीत होतं. भावही बघा कसे, फुकटात देतोय असं कुठेही वाटत नाही. मी स्वस्ताच्या मोहाने गेलो असं जे म्हणतायत त्यांनी हे आकडे परत वाचा.

ज्यांना ही भानगड माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. ब्लू नोट या जॅझ कंपनीची 57-58 सालची ओरिजिनल प्रेसिंग (त्या वेळी छापलेल्या प्रती) आपल्या खिशात बसत नाहीत, म्हणून आपण रीइश्यू घेतो. त्यांचीच टोन पोएट ही रीइश्यू सिरीज 2019 पासून आहे, जो हार्ली नावाचा निर्माता टायटल निवडतो, केविन ग्रे मूळ अ‍ॅनालॉग टेपवरून कटिंग करतो, कॅलिफोर्नियातल्या आरटीआय नावाच्या कारखान्यात रेकॉर्ड दाबल्या जातात. 'ब्लू ट्रेन' त्यात 2022 मध्ये आली, मोनो वेगळी आणि स्टिरिओ वेगळी. म्युझिक मॅटर्सचे जुने सेट मात्र संपले ते संपले, म्हणून त्यांचे भाव चढलेले. आणि या चोराने घाई कशी लावली? म्हणे अपोलो मास्टर्सला आग लागल्यापासून लॅकरचा, म्हणजे ज्यावर कटिंग करतात त्या कोऱ्या तबकड्यांचा, तुटवडा आहे, ही टायटल आता परत निघणार नाहीत. आग खरी आहे, 2020 च्या फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातला तो कारखाना जळला आणि कटिंगसाठी लॅकर बनवणारा दुसरा मोठा कारखाना फक्त जपानात उरला. पण टोन पोएटची कितीतरी टायटल त्यानंतर परत परत छापून आलीत, हे मला ठाऊक होतं आणि तरी त्या क्षणी मी मान डोलावली. खऱ्या गोष्टीला खोटं शेपूट जोडायचं, ही यांची पद्धत.

आता तो क्षण. रोज रात्री मला हाच आठवतो.

मी शहाणपणाने डेड वॅक्सचा फोटो मागितला. डेड वॅक्स म्हणजे शेवटचं गाणं संपल्यावर लेबलच्या आधी जो गुळगुळीत पट्टा राहतो तो, तिथे मॅट्रिक्स नंबर, म्हणजे त्या प्रेसिंगचा ओळख क्रमांक, कोरलेला असतो आणि कटिंग इंजिनिअरची खूण असते, केविन ग्रे असेल तर त्याची आद्याक्षरं केपीजी. पाच मिनिटांत फोटो आला. काळ्या पट्ट्यावर तिरका प्रकाश, बाजूला धरलेला अंगठा, नखावर एक काळा डाग, आणि तिथे ती अक्षरं स्वच्छ. मी खूश. लगेच थंब्स-अप पाठवला.

रेकॉर्ड सीलबंद होती हो! सील न फोडता आतल्या रेकॉर्डचा फोटो निघतो कसा? पाच मिनिटांत? हा प्रश्न शाळेतल्या पोरानेसुद्धा विचारला असता. आणि गंमत म्हणजे मी विचारला, पण दुसऱ्या दिवशी, पैसे गेल्यावर. त्याचं उत्तर तयार होतं, 'माझ्या पर्सनल कॉपीचा आहे, प्रेसिंग तेच.' बरोबर वाटलं मला! कारण मी तपासत होतो अक्षरं, आणि अक्षरं बरोबर होती. मी असं म्हणेन की जो जास्त जाणकार तोच इथे फसतो, ज्याला केपीजी काय ते माहीतच नाही त्याने फोटो मागितला नसता आणि बहुतेक लॉटही घेतला नसता.

पैशाचं तर सांगायलाच नको. 'मित्र-नातेवाईक' या प्रकाराने पाठवा, 3 टक्के फी वाचेल, 668 वर 20 डॉलर. मी म्हटलं तेवढ्यात रेकॉर्डच्या स्लीव्हचं (प्लास्टिक कव्हरचं) एक जास्तीचं पाकीट येईल. वीस डॉलर वाचवायला सहाशे अडुसष्ट घातले. लिहितानासुद्धा दात आवळले जातायत. कुणीही, कितीही गोड बोलून, त्या पर्यायाने पैसे मागितले तर समजून जा. तेवढं जरी या लेखातून घेतलंत तरी पुरे.

खोकं आलं. वर 'जर्नी इन सच्चिदानंद', ती खरी. मुद्दाम वर ठेवलेली, मी पहिली तीच फोडली, तंबोऱ्याचा आवाज सुरू झाला आणि मी त्याला 'थँक यू, ब्युटिफुल' असा मेसेज टाकला. हा मेसेज पुढे सगळीकडे माझ्याच गळ्यात आला. खोकं पूर्ण तपासून होईपर्यंत विकणाऱ्याला एक अक्षर लिहू नका, आणि सील फोडताना व्हिडिओ काढा, कंटाळा आला तरी काढा.

मग 'ब्लू ट्रेन'. कव्हर हातात घेतलं तेव्हाच काहीतरी खटकलं. टोन पोएटचं कव्हर म्हणजे जाड पुठ्ठ्यावर छापील कागद चिकटवलेला असतो, कडेला तो कागद दुमडलेला दिसतो. इथे सरळ पातळ कार्डावर छपाई, आणि आतले ब्लू नोटच्या फ्रान्सिस वुल्फने काढलेले फोटो जवळून बघितले तर ठिपकेच ठिपके, स्कॅन करून छापलेले. डेड वॅक्सवर मशीनने बारीक कोरलेला एक नंबर, बाकी काही नाही. केपीजी नाही की काही नाही. म्हटलं असो, वाजवून बघू. सुई ठेवली आणि ली मॉर्गनचा ट्रम्पेट एका स्पीकरकडे आणि पियानो दुसरीकडे! मोनो रेकॉर्ड! मोनोत सगळी वाद्यं दोन स्पीकरच्या बरोब्बर मध्ये उभी राहतात, तीच तर मजा असते, आणि इथे कोल्ट्रेनचं सेक्सटेट (सहा जणांचा संच) दोन कोपऱ्यांत वाटून दिलेलं. वर झांजांचा तो पत्र्यासारखा चरचरीत आवाज. मूर्खांनी स्टिरिओ सीडीवरून कॉपी मारून वर मोनोचं कव्हर घातलं होतं. 'अ लव्ह सुप्रीम'चंही तेच, नकली.

45 आरपीएमच्या सेटमध्ये तर कमालच. पहिल्या खिशात नकली डिस्क, आणि दुसऱ्या खिशात ख्रिसमसच्या गाण्यांची कुठलीतरी घासलेली जुनी रेकॉर्ड, वर प्रिंटरवर काढलेलं निळं-पांढरं लेबल डकवलेलं, कोपरा सुटलेला. वजन भरायला. 450 डॉलर फक्त या दोन सेटचे. आणि हे सगळं व्यवस्थित श्रिंकरॅपमध्ये. सील म्हणजे काही पुरावा नाही, प्लास्टिक आणि गरम हवेचं मशीन कुणीही घरी आणू शकतं.

मला म्हणतील की युरोपातून येणाऱ्या स्वस्त जॅझ रेकॉर्डसुद्धा सीडीवरूनच काढलेल्या असतात. काही असतात, आणि त्या तिथे कायदेशीरही असतात, कारण 1963 च्या आधी प्रसिद्ध झालेल्या रेकॉर्डिंगवरचे हक्क युरोपात संपलेत. पण ते स्वतःच्या नावाने विकतात, दुसऱ्याचं लेबल छापून नाही. ही सरळसरळ चोरी आहे.

असो, आता खरा मनस्ताप. चोराने 568 घेतले म्हणू (50 ची एक खरी आली, आणि मी ओरडल्यावर 'गैरसमज झाला असेल' म्हणून 50 परत टाकले), पण बाकीच्यांनी जी माझी अक्कल काढली तिचा हिशोब कुठे मांडू? पेमेंट कंपनी म्हणाली, मित्र-नातेवाईकांना पाठवलेल्या पैशाला संरक्षण नाही, आणि विकणाऱ्याने 50 परत केलेत म्हणजे तुमच्यात तडजोड झालेली दिसते. ते 50 त्याने त्यासाठीच टाकले होते!! अर्धवट रिफंड आला तर लगेच लेखी कळवा की मला हे मान्य नाही. बँकेतली बाई म्हणाली, 'सर, ओटीपी तुम्हीच टाकलाय ना?' हो, टाकलाय. 'मग व्यवहार अधिकृत आहे.' विषय संपला. कुरियरवाले म्हणाले वजन बरोबर आहे, आमचा संबंध नाही. बरोबरच असणार, ख्रिसमसची गाणी होती ना आत. जिथे त्याचं अकाउंट होतं त्यांनी 'आमच्या नियमांचं उल्लंघन आढळलं नाही' असा मेल पाठवला, आणि त्या मेलला उत्तर देता येत नाही.

सायबर तक्रारीच्या फॉर्मवर 'पैसे चोरीला गेले' आणि 'वस्तू मिळाली नाही' एवढेच दोन पर्याय लागू पडण्यासारखे. वस्तू मिळाली पण नकली मिळाली, असा पर्यायच नाही. शेवटी स्वतः तक्रारीच्या ऑफिसात जाऊन बसलो. तिथल्या साहेबांनी रेकॉर्ड हातात घेतली, तीही ताटलीसारखी मधोमध बोटं टेकवून, आणि विचारलं, 'गाणी वाजतायत ना?' मी म्हटलं वाजतायत पण मोनो पाहिजे होती, स्टिरिओ आली. त्यांनी शेजारच्याकडे बघितलं. शेजारचा म्हणाला, स्टिरिओ चांगलं असतं ना? आता यांना काय समजावू. मग म्हणे रेकॉर्ड नकली असल्याचं अधिकृत तज्ज्ञाचं प्रमाणपत्र आणा. कोण असतो हा अधिकृत तज्ज्ञ, कुठे बसतो, कुणी सांगत नाही. मी कव्हरवरचे ठिपके दाखवले, खऱ्या कॉपीच्या डेड वॅक्सचे फोटो छापून नेले, चिकटवलेलं लेबल त्यांच्यासमोर नखाने सोलून दाखवलं, खालून ख्रिसमसचं लेबल निघालं. 'हे तुम्हीच चिकटवलं नाही कशावरून?' तक्रार 'कार्यवाही सुरू' दाखवतेय. कुणाची कार्यवाही, कसली कार्यवाही, फोन केला की नवीन माणूस आणि पहिल्यापासून सगळी कथा, आणि प्रत्येक जण शेवटी तेच, एवढे पैसे गाण्यांसाठी कशाला घातले. ज्याने चोरी केली त्याला एकाने एक प्रश्न विचारला नाही.

फोटो मागताना कागदावर तुमचं नाव आणि त्या दिवसाची तारीख लिहून, तो कागद रेकॉर्डवर ठेवून काढायला सांगा. सीलबंद असेल तर सीलवर ठेवून. कुरकुर केली तर सोडा. 'अजून दोघं रांगेत आहेत' म्हणाला तर त्यांना मिळू दे म्हणा.

तो माणूस नाव बदलून परत आलाय. 'ब्लू ट्रेन' मोनो, सीलबंद, एकच शिल्लक, आता 70 डॉलर. डेड वॅक्सचा फोटो तोच आहे, तिरका प्रकाश आणि अंगठ्याच्या नखावर तो काळा डाग. तुम्हाला तो फोटो आला तर त्याला उत्तर देऊ नका, आधी स्क्रीनशॉट काढून मला पाठवा, फाइलमध्ये लावायचाय.