लपाछपी बघितला नसेल तर बघाच
२०१७ चा मराठी पिक्चर, विशाल फुरियाचा. आठ महिन्यांची गरोदर नेहा नवऱ्यासोबत उसाच्या फडातल्या एका घरात येऊन राहते आणि मग ते घर, तो ऊस, तिथली ती तुळसाबाई, कशावरच विश्वास बसेनासा होतो. नेहा झालेली पूजा सावंत जबरदस्त, पण तुळसाबाई झालेल्या उषा नाईकांनी खरा काटा आणला, प्रेमाने बोलतात तेव्हाच जास्त भीती वाटते. माझं आजोळ निफाडकडचं, उसाच्या पात्याची सळसळ लहानपणापासून ऐकलेली, तरी बघून झाल्यावर नाशिकला परत येताना गाडीची काच वर केली मी. तुंबाड हा हिंदी हॉरर पिक्चर पण भारीच, पाऊस अंगावर येतो अक्षरशः. पण लपाछपीतली भीती घरातली आहे, मुलगी नको म्हणणाऱ्या माणसांची, म्हणून ती जात नाही. रात्री हेडफोन लावून बघा.